कायमचे स्वागताध्यक्ष

माझ्या मावशीच्या थोरल्या दिरांनी आजवर ज्याचं स्वागत केलं नाही असा माणूस नगर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि समजा सापडलाच, तर सापडल्याबद्दल ते आधी त्याचं स्वागत करतील. हे मी वाढवून सांगत नाही; निदान फार वाढवून सांगत नाही. याला एकच माणूस अपवाद होता, आणि तो एकच त्यांना आत कुठेतरी सलत होता. मला हे सगळं नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. पण भाऊंबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं मला वाटतं. मावशीच्या या दिरांना सगळे भाऊच म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

कॉलेजसाठी मी नेवाशाकडच्या आमच्या गावाहून मावशीकडे राहायला आले, त्या दिवशी भाऊ मला घ्यायला नगरच्या स्टँडवर आले होते. मी एसटीतून उतरले तेव्हा माझ्या एका हातात वळकटी होती, दुसऱ्या हातात बाजरीची पिशवी, आणि तोंडात बोलायला शब्द नव्हता. भाऊंनी मला फलाटावर थांबवलं, दोन पावलं मागे सरकले, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नेवासे तालुक्याच्या भूमीतून, उच्च शिक्षणाची ज्योत हाती घेऊन, आपल्या नगर शहरात पदार्पण करीत असलेली आपली भाची..." एवढ्यात दहा-पंधरा लोक जमलेसुद्धा. कुणी पुढारी उतरला असावा, असं त्यांना वाटलं. कंडक्टरने माझ्याशी हात मिळवला. एका म्हाताऱ्याने मला त्याच्या गावचा रस्ता कधी होणार, असं विचारलं. मी बाजरीच्या पिशवीआड तोंड लपवून उभी होते, आणि भाऊ मात्र तृप्त चेहऱ्याने म्हणत होते, "चला, आता आपण प्रस्थान करू."

कोल्हारजवळच्या एका साखर कारखान्यात नोकरी करून ते निवृत्त झाले आणि धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या मावशीच्या घरी राहायला आले. नोकरी त्यांनी चोख केली असणार, पण तिच्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. बोलतात ते माईकबद्दल. आमच्या समाजातलं लग्न असो, विहारातला कार्यक्रम असो, कुणाच्या मुलाचा पास झाल्याबद्दल सत्कार असो, स्वागताला भाऊच. त्यासाठी त्यांचा पांढरा सदरा कायम इस्त्री करून खुंटीला असतो. साधं बोलणं त्यांचं आमच्या गावाकडचंच. पण स्वागताची वेळ आली की जिभेवर कुणी दुसराच माणूस येऊन बसतो. मावशी बाजारातून घामाघूम होऊन आली की भाऊ खाटेवरून उठून म्हणतात, "यावं, यावं, स्थानापन्न व्हावं." मावशी म्हणते, "भावजी, मेथी निवडायचीय. स्थानापन्न झाले तर तुमी निवडनार हाय का?" भाऊ निवडतातही. पण दूधवाला आला की पुन्हा उठून उभे राहतात.

हा सगळा पोकळ बडेजाव आहे असं सुरुवातीला मला वाटायचं. मग एका लग्नात मी होते. नवरीच्या मामाला मानपानावरून काही राग आला होता, आणि तो चारचौघांना घेऊन, बाह्या सरसावून, मंडपात शिरला. आता काय होतं म्हणून बायका मुलांना जवळ ओढू लागल्या. भाऊंनी लांबूनच त्याला पाहिलं आणि माईकवरून सांगितलं, "ज्यांच्यावाचून हा मंगल सोहळा सकाळपासून खोळंबला होता, ते वधूचे मामा आत्ता आपल्यात येत आहेत. त्यांनी कृपया पहिल्या रांगेत यावं." कुणीतरी धावत जाऊन मामाच्या हातात गुलाबाचं फूल दिलं. हातात गुलाब असताना कुणाची गचांडी धरता येत नाही. मामा बसला. पंचशील झालं, लग्न लागलं, मामाने वाढायलाही घेतलं. परत येताना मी भाऊंना म्हटलं की तुम्ही युक्ती केलीत. ते म्हणाले, "युक्ती कशाची? मान्साला आपलं नाव ऐकायचं असतं गं. येवढंच."

आणि हेच नेमकं ते एका माणसाच्या बाबतीत विसरले होते. तो माणूस म्हणजे पुणतांब्याचे निवृत्तीकाका. नगरच्या बोर्डिंगात हे दोघं आणि आणखी दोघं एका खोलीत वाढले. चौघांच्याही घरच्यांनी नुकतीच दीक्षा घेतलेली, चौघंही आपापल्या वस्तीतून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेले. पुढे भाऊंच्या गावच्या विहारात बुद्धमूर्ती बसवायची ठरली. औरंगाबादेहून मूर्ती आणण्याचं काम निवृत्तीकाकांनी अंगावर घेतलं, आणि धक्का लागू नये म्हणून सगळा रस्ता ते टेम्पोत मागे बसून, मूर्ती गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून आले. कार्यक्रमाला भाऊंनी नेहमीप्रमाणे सगळ्यांचं स्वागत केलं. सरपंचांचं, भन्तेंचं, मंडपवाल्याचं, टेम्पोच्या ड्रायव्हरचंसुद्धा. निवृत्तीकाकांचं नाव तेवढं घेतलं नाही. ते मागच्या रांगेतून उठले, अंगावरची धूळ झटकली आणि न जेवता निघून गेले. त्यानंतर कित्येक वर्षं ते भाऊंशी बोलले नाहीत. निरोप गेले, माणसं गेली, भाऊ स्वतः दोनदा पुणतांब्याला गेले. दोन्ही वेळा काका घरात असून शेतावर गेल्याचं सांगण्यात आलं. "मी इसरलो न्हाई त्याला," भाऊ मला एकदा म्हणाले. "तो पाव्हना हाय हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. घरच्या मान्साचं कुनी स्वागत करतं का?" हे ते मला सांगत होते, पण सांगायचं दुसऱ्याच कुणाला होतं.

अशा माणसाच्या आयुष्यात इंटरनेट आलं. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. श्रीरामपूरचा एक इंजिनियर मुलगा अमेरिकेला गेला होता. जाताना त्याचा सत्कार झाला, तेव्हा भाऊंनी त्याचं इतकं लांब स्वागत केलं होतं की तिकडे गेल्यावरही ते त्याच्या कानात घुमत असावं. त्याने देशोदेशी पांगलेल्या आपल्या मराठी बौद्ध मंडळींचा ईमेलवर एक गट काढला. एकाने पत्र लिहिलं की ते सगळ्यांना पोचायचं. नवीन माणूस आला की त्याचं स्वागत कुणी करायचं, असा प्रश्न निघाला, आणि त्या मुलाने घरी फोन करून भाऊंना निरोप दिला. भाऊंनी तो निरोप ऐकला आणि खुंटीवरचा सदरा काढला.

मी कॉम्प्युटरचा क्लास केला होता, म्हणून टाइप करणं माझ्याकडे आलं. दिल्ली गेटजवळ सलीमभाईंचा सायबर कॅफे होता. त्या वेळी अशा ठिकाणी धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढायला लावत. भाऊंना त्याचं कारण माहीत नव्हतं. चपला काढायला लावतात म्हणजे जागा चांगली आहे, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं. फोनची लाइन जोडताना ते यंत्र कर्कश ओरडायचं, तेवढा वेळ भाऊ विहारात वंदनेला उभे राहावेत तसे हात जोडून उभे राहायचे. त्यांचं पाहून शेजारी नोकरीचे अर्ज टाइप करणारी दोन मुलंही एकदा उठून उभी राहिली. सलीमभाई म्हणाले, "भाऊ, बैठो ना. तुम्ही बसल्यावर पण लाइन लागते." भाऊ म्हणाले, "समोर लंडनची मानसं यायचीत, आन मी बसून ऱ्हाऊ?"

त्या वेळी कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांची सोय आमच्याकडे नव्हती. भाऊ सांगायचे ती भरजरी मराठी मी इंग्रजी अक्षरांत, एकेक बटण शोधत उतरवायची. 'नागपूर नगरीची कन्या, सातासमुद्रापार लंडनमध्ये आपल्या कर्तृत्वाचा दीप उजळणाऱ्या' अशा एका बाईंचं स्वागत टाइप करताना माझं मधलं बोट दुखायला लागलं होतं. प्रत्येकाचं नाव, गाव आणि एक तरी चांगली गोष्ट आलीच पाहिजे, हा भाऊंचा दंडक. चांगली गोष्ट ठाऊक नसेल तर ते गावाची सांगायचे. लोकांना गंमत वाटायची, पण ती टिंगलीतली नव्हती. त्या लंडनच्या बाईंनी लिहिलं होतं की या देशात येऊन इतकी वर्षं झाली, पण आपण आलो असं आज पहिल्यांदा कुणी सांगितलं.

एक अडचण मात्र पहिल्या महिन्यातच आली. गटात एक गृहस्थ होते, ते प्रत्येक पत्राच्या शेवटी सवयीने 'सर्वांचे आभार' असं लिहायचे. भाऊ अस्वस्थ झाले. आपल्याकडे आभार मानले की कार्यक्रम संपतो. लोक उठतात, सतरंज्या गुंडाळतात, मंडपवाला खुर्च्या मोजायला येतो. "यांना कुनी अधिकार दिला?" भाऊ म्हणाले. "आत्ता कुठं मानसं यायला लागलीत." मग त्या गृहस्थांचं आभाराचं पत्र आलं की भाऊ लगेच मला दोन ओळी टाइप करायला लावायचे: 'कार्यक्रम अजून चालू आहे, कृपया कुणी जागा सोडू नये.' अमेरिकेतल्या मुलाने समजावून पाहिलं. शेवटी आभारवाल्या गृहस्थांनीच नमतं घेतलं आणि आभाराच्या जागी नुसतं 'जय भीम' लिहायला लागले.

भाऊंच्या मनात या गटाचा खरा उपयोग वेगळाच होता. त्यांना आपली बोर्डिंगातली खोली पुन्हा भरवायची होती. चौघांपैकी एक जण मुलाकडे मस्कतला होते, एक कल्याणला. दोघांच्या मुलांचे पत्ते मिळवून भाऊंनी त्यांना गटात आणलं. त्यांच्या स्वागताला सलीमभाईंच्या कॅफेत पेढे वाटले गेले, आणि भाषणं इतकी लांबली की गटातल्या कुणीतरी हळूच लिहिलं, आता पाहुण्यांना बोलू द्यावं. राहिले निवृत्तीकाका. त्यांचं नाव भाऊ काढत नव्हते. पण कॅफेत गेल्यावर दर वेळी पहिला प्रश्न एकच असायचा: "नवीन कुनी?" मी नाव वाचायची, ते पांढऱ्या सदऱ्याची बाही नीट करायचे आणि म्हणायचे, "हां. घे."

एक दिवस नवीन सभासदांत ते नाव होतं. मस्कतच्या मित्राने परस्पर खटपट केली होती. निवृत्तीकाकांच्या पुतण्याचा कोपरगावला कॉम्प्युटरचा क्लास होता, त्याच्याकडून त्यांचं नाव घातलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, निवृत्तीकाका आलेत."

भाऊ झटकन दाराकडे वळले. दारात कुणी नव्हतं, नुसत्या चपला होत्या. "गटात आलेत," मी म्हटलं. ते खुर्चीत बसले. कॅफेत ते बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

बाही नीट करून ते म्हणाले, "लिव्ह. गोदावरीच्या पवित्र काठावरून..." मी लिहिलं. "खोड ते. माझाच काठ मला सांगतो का, म्हनंल." मग म्हणाले, "आदरणीय, ज्येष्ठ..." आणि स्वतःच हात हलवला. "आदरणीय म्हनलं की तो म्हनंल, बघा, परका केला मला."

"मग नुसतं नाव घालू का, भाऊ? बाकीच्यांबरोबर?"

"टेम्पोवाल्याबरोबर घेतल्यावानी?"

"मग आज नकोच लिहायला."

"मागं तेच केलं हुतं की गं." ते पडद्यावरच्या त्या नावाकडे बघत राहिले. "लिव्हलं तर परका, न्हाई लिव्हलं तर इसरलो. येवढ्या मान्सांचं केलं, आन याचं मला यीना."

सलीमभाईंनी चहा मागवला. तो तसाच निवला. आम्ही काहीच न लिहिता घरी आलो. जेवताना भाऊंनी अर्धी भाकरी ठेवली, तेव्हा मावशीने मला खुणेने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मावशी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "भावजी, बोर्डिंगात असताना तो गावाकडनं आला म्हंजी काय म्हनायचे तुमी त्याला? यावं, स्थानापन्न व्हावं?"

भाऊ हसले. "छ्या. त्याची गाडी कायम लेट. तवर जेवनं उरकायची. दारात दिसला की मी म्हनायचो, उशीर केलास, भाकरी संपली. आन त्याच्या वाटनीची आधीच माझ्या ट्रंकेत ठिवलेली असायची. त्यालाबी ठावं हुतं. पन दर येळी तोंड पाडायचा लबाड."

"मग तेच लिव्हा की," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं. वर नाव नाही, गाव नाही, कर्तृत्वाचा दीप नाही. 'उशीर केलास. भाकरी संपली.' एवढंच. बटण दाबताना माझा हात थांबला. मी म्हटलं, "भाऊ, हे सगळ्या जगाला जाईल." ते म्हणाले, "जाऊ दे. सगळ्यांसमोर चुकलो हुतो."

जगाला ते गेलं आणि जगाने डोक्याला हात लावला. ज्या माणसाने आजवर प्रत्येकाला शब्दांच्या पायघड्या घातल्या, तो नव्या पाहुण्याला दारातच भाकरी संपल्याचं सांगतो, हे कुणाला कळेना. अमेरिकेतल्या मुलाने, भाऊंची तब्येत बरी आहे ना, अशी मला वेगळी विचारणा केली. लंडनच्या बाईंनी निवृत्तीकाकांना उद्देशून लिहिलं की तुम्ही मनावर घेऊ नका, भाऊ मनाने फार चांगले आहेत. आभारवाल्या गृहस्थांनी सर्वांच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. मस्कतचा आणि कल्याणचा मित्र मात्र गप्प होते. त्यांना ठाऊक होतं आपण कशाची वाट बघतोय ते.

काका बाजाराच्या दिवशी कोपरगावला येतात, तेव्हा पुतण्या त्यांना पत्र वाचून दाखवणार, हे आम्ही धरून चाललो होतो. बाजाराचा दिवस गेला. काही आलं नाही. भाऊ त्या आठवड्यात कुणाच्या स्वागताला उठले नाहीत. मावशीने भाजीची पिशवी मुद्दाम आपटून ठेवली तरी. दुसरा बाजारही गेला. त्यानंतरच्या दिवशी मी कॅफेत पत्र उघडलं आणि वाचायच्या आधी नुसतीच भाऊंकडे बघत राहिले. "वाच की," ते म्हणाले. त्यात दोनच शब्द होते. 'ट्रंकेत बघ.'

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग सलीमभाईंना वाचायला लावलं. सलीमभाईंनी वाचलं आणि म्हणाले, "ये कुछ समझ में नहीं आया, लेकिन अच्छा है."

तेव्हापासून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. खाजगी पत्र कसं धाडायचं, हे मी शिकवायला गेले तर भाऊंनी ऐकून घेतलं नाही. लपवण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मस्कतपासून अमेरिकेपर्यंतची माणसं निवृत्तीकाकांच्या डाव्या गुडघ्याची हालहवाल वाचू लागली. 'गुडघा कसा हाय?' 'तुझ्यापेक्षा बरा.' 'माझा तर दुखतच न्हाई.' 'मग माझा बरा कसा म्हनलो मी?' बोर्डिंगातल्या आमटीत डाळ कुठल्या बाजूला असायची, यावर चौघा मित्रांचा वाद दोन महिने चालला आणि त्यात पाच देशांतल्या माणसांनी मतं दिली. लंडनच्या बाईंनी गुडघ्यासाठी एक तेल सुचवलं. ते पुणतांब्यात मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी ते पार्सलने धाडलं, आणि काकांनी उत्तरात कळवलं की तेल चांगलं आहे, म्हशीलाही लागू पडलं. धम्मावरही बोलणं व्हायचं, नाही असं नाही. पण ते गुडघ्यावरून निघायचं आणि गुडघ्यावर परत यायचं.

या जूनपासून मी पुढच्या शिक्षणाला पुण्याला आले. टाइप करण्याचं काम सलीमभाईंनी आपणहून घेतलं. त्यामुळे आता पत्रं 'भाऊ म्हणतात की' अशी सुरू होतात, आणि भाऊंना आवडलेलं वाक्य असेल तर पुढे 'खूब' असा सलीमभाईंचा शेरा असतो. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पाळी मिळाली की मी ती वाचते. इथे माझी फारशी ओळख नाही. वर्गात मी मागे बसते. पण ती पत्रं वाचली की मावशीच्या घरात, चुलीपासून दोन हातांवर बसल्यासारखं वाटतं.

गेल्या महिन्यात निवृत्तीकाकांचं पत्र आलं, 'नदीला पाणी आलंय. ये.' त्यानंतर काहीच नाही. भाऊंचं नाही, काकांचंही नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. गटातली माणसं विचारू लागली. लंडनच्या बाईंनी दोनदा विचारलं. पत्र लिहिणारे दोघंही साठीच्या घरातले, मनात नको नको ते येत होतं. मी एसटीडी बूथवर जाऊन मावशीच्या शेजारच्यांकडे फोन लावला. मावशी धापा टाकत आली.

"भावजी व्हय? ते गेलेत पुनतांब्याला. दोन दिसांनी येतो म्हनले, त्याला आता किती दिस झाले. निरोप आला की सदरा धाडून द्या. मी म्हनलं कशाला, तिथं कुनाचं स्वागत हाय? तर म्हनले, न्हाई, घालायला दुसरा न्हाई." मग हसून म्हणाली, "दोघंबी सकाळच्याला नदीवर जाऊन बसत्यात म्हनं. बोलत न्हाईत फारसं. नुसते बसत्यात."

भाऊंची किती पत्रं मी टाइप केली असतील, पण गटाला माझं स्वतःचं असं एकही नव्हतं. मला वाटायचं, एवढ्या शिकलेल्या माणसांत आपण काय लिहायचं. त्या दिवशी बसले आणि लिहिलं की दोघं खुशाल आहेत, पुणतांब्याला एकत्र आहेत, नदीवर बसलेले असतात. संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. मस्कतच्या मित्राने लिहिलं की आपणही तिकीट बघतोय. लंडनच्या बाईंनी लिहिलं, 'फार बरं वाटलं. पण मुली, आता कामावरून घरी आल्यावर आम्ही काय वाचायचं?'

त्याला काय उत्तर द्यावं, ते मला अजून सुचलेलं नाही. भाऊ नगरला परतले की पत्रं पुन्हा सुरू होतील, हे मलाही कळतं, आणि इथे खोलीवर मलाही पत्रांवाचून चुकल्याचुकल्यासारखं होतं. पण त्यांनी इतक्यात परतावं, असं काही माझ्याच्याने म्हणवत नाही.